लाईन गेली तरी शिल्लक सांगता आली पाहिजे

मे महिन्यात दुपारी दोन-अडीचला आमच्या पतसंस्थेत कोणी पैसे काढायला आलं की मी आधी डोक्यावरच्या पंख्याकडे बघते आणि मग माणसाकडे. पंखा नीट फिरत असेल तर या, बसा, लग्न उरकलं का पोरीचं, वगैरे. पंखा मंदावायला लागला की समजायचं व्होल्टेज पडतंय, गावठाणाच्या डीपीवर सगळ्या गावाच्या कूलरांचा लोड आलाय, आता थोड्या वेळात डीओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, उडणार. अशा वेळी मी सरळ म्हणते, आधी स्लिप द्या, गप्पा मागून करू.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं. तालुक्याचं ठिकाण नाही, पण सोमवारचा बाजार भरतो म्हणून आजूबाजूच्या खेड्यांची उठबस इथेच असते. खातेदार म्हणाल तर कापूस-सोयाबीनवाले शेतकरी, किराणावाले, पानठेलेवाले, शाळेतले मास्तर, बचत गटातल्या बाया, आणि शहरात कामाला गेलेल्या पोरांचे म्हातारे आईवडील. मी इथे क्लार्क म्हणून लागले, मग कॅशियर झाले, आता व्यवस्थापक आहे. पदाचं नाव मोठं वाटतं पण शिपाई काका रजेवर असले की इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणीही मीच घालते.

तर लाईन आणि नेट जाण्याची तयारी हा विषय आमच्याकडे संचालक मंडळाच्या मीटिंगमध्ये निघाला की बोलणं लगेच किती व्हीएचा इन्व्हर्टर, कोणत्या कंपनीची बॅटरी, साडूचं दुकान आहे तो कमी भावात देईल, इकडे जातं. मला वाटतं सुरुवातच तिथून करू नये. काउंटरसमोर उभा असलेला माणूस विचारतो, माझे किती आहेत आणि आत्ता मिळतील का. या दोन प्रश्नांची उत्तरं अंधारात देता येतात का हे आधी बघायचं, आणि मग त्या उत्तरासाठी काय काय लागतं ते विकत घ्यायचं. आम्ही बरीच वर्षं उलटं करत होतो, गावोगावच्या बऱ्याच संस्था अजूनही करतात.

हे पतसंस्थेच्या बाबतीत जास्त खरं आहे, त्याला कारण आहे. बँकेत ठेव असेल तर २०२० पासून ५ लाखांपर्यंत तिला ठेव विम्याचं संरक्षण आहे, सहकारी बँकेतल्या ठेवीलाही आहे. पतसंस्थेला ते नाही. आम्ही महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेलो, आमच्यावर देखरेख सहकार खात्याची, रिझर्व्ह बँक आमच्या दारात येत नाही. खेड्यातल्या माणसाला हे कलमांसकट माहीत नसतं पण अंगानं माहीत असतं. कुठली तरी पतसंस्था बुडाली, अमक्याच्या मामाचे अडकले, तमक्याच्या पोरीच्या लग्नाचे गेले, अशा गोष्टी विदर्भात प्रत्येक घरात एक तरी सापडते. त्यामुळे मोठ्या बँकेचं शटर दुपारी अर्धं खाली दिसलं तर लोक म्हणतात सर्व्हर डाऊन असेल, आणि आमचं दिसलं तर चौकातल्या चहाटपरीवर पंधरा मिनिटांत वेगळीच चर्चा सुरू होते. लाईन गेली म्हणून आपण शटर ओढून जेवायला गेलो, एवढंच निमित्त पुरतं.

३१ जुलै २०२४ ची गोष्ट आठवते का बघा. एका तंत्रज्ञान पुरवठादार कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं तिला पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं तोडलं, आणि देशातल्या सुमारे ३०० छोट्या, मुख्यतः सहकारी आणि ग्रामीण बँकांचे यूपीआय वगैरे व्यवहार अडकले. दुसऱ्या दिवशी ते जोडूनही दिलं. आमचा त्या कंपनीशी काडीचा संबंध नव्हता, आमच्याकडे यूपीआय मुळातच नाही. पण टीव्हीवर 'सहकारी' आणि 'बंद' हे दोन शब्द एका पट्टीत आले, झालं. आमच्या दारात पासबुकं घेऊन लोक हजर. कोणाला पैसे काढायचे नव्हते, फक्त भरून द्या म्हणे, एन्ट्री मारून द्या. प्रिंटर खरखर खरखर चालला तसे चेहरे सैल होत गेले. त्या दिवशी नशिबानं लाईन होती. नसती तर मी काय दाखवलं असतं, या विचारानं मला त्या रात्री नीट झोप आली नाही हे खरं.

त्याच महिन्यात १९ तारखेला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या बिघडलेल्या अपडेटमुळे जगभरातली ८५ लाखांच्या आसपास विंडोजची मशीनं निळी स्क्रीन दाखवून बंद पडली होती, तेव्हा आपल्याकडच्या विमानतळावर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले होते, फोटो फिरले होते सगळीकडे. लोक हसले. मला मात्र त्या काउंटरवरच्या पोरांचं फार कौतुक वाटलं, कारण कोणीतरी कोऱ्या पासांचा गठ्ठा आधीच ठेवला असणार ना, आणि काय काय लिहायचं हे त्यांना माहीत असणार. विमान उडालं ना शेवटी.

लाईन जाण्याचं म्हणाल तर आम्हा विदर्भवाल्यांना त्याचं वेगळं कौतुक नको. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं, गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याचं ३,३०० मेगावॅटचं, इकडे कोराडी, खापरखेडा. वीज आमच्या अंगणात तयार होते, राख आमच्या छपरावर पडते, आणि वळवाचा पाऊस आला की अंधार पण आमच्याच घरात. आता हे वीज कमी आहे म्हणून होत नाही हे मलाही कळतं. गावात येणारी ११ केव्हीची लाईन शेतांतून, बाभळी-कडुनिंबांतून येते, फांदी पडते, वानर तारेवर झेपावतं, इन्सुलेटर तडकतो. जूनच्या पहिल्या वादळात एक खांब आडवा झाला तर लाईनमन बिचारा चिखलातून मोटरसायकल ढकलत जाणार, त्याच्याकडे गावं किती अन् माणसं किती.

गंमत अशी की भारनियमनाच्या काळात आमची तयारी जास्त चांगली होती. तेव्हा लोडशेडिंगचं टाइमटेबल असायचं, ते आम्ही काउंटरच्या काचेला चिकटवलं होतं, कोणत्या आठवड्यात सकाळी जाणार आणि कोणत्या आठवड्यात दुपारी. खातेदारांनाही पाठ होतं. ते स्वतःच म्हणायचे, आज दुपारची पाळी हाय ना, मी सकाळीच येतो. आणि लेजर हातानं लिहिलेलं असायचं, त्यामुळे लाईन गेली तर फक्त उकाडा व्हायचा, काम थांबायचं नाही. आमचे जुने सेक्रेटरी काका खिडकीपाशी टेबल ओढून रोजकीर्द, म्हणजे दिवसभराचे व्यवहार, लिहायचे, संध्याकाळी ते खात्याखात्यावर उतरवायची खतावणी, महिनाअखेर सगळ्या शिल्लका जुळवायची तेरीज. तेरीज जुळली नाही तर घरी जायचे नाहीत, बायको डबा पाठवायची. आता लाईन कमी वेळा जाते, टाइमटेबल नाही, आणि जाते तेव्हा सगळं घेऊन जाते. सवयच मोडली आमची.

बरं, बॅटरीचं. हा भाग मी थोडा खोलात सांगते कारण यात लोकांना फार गुंडाळतात. आमच्याकडे १२ व्होल्ट १५० एएच (अँपिअर-तास) च्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या आहेत. दुकानदाराचा हिशोब असा की दोन्ही मिळून ३,६०० वॅट-तास, तुमचा लोड चार कॉम्प्युटर, राऊटर, दोन पंखे, दोन दिवे मिळून ५०० वॅट, म्हणजे मॅडम सात तास बघायचं काम नाही. कागदावर बरोबर आहे. पण लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली रोज रोज उतरवली तर ती लवकर मरते, थोडं इन्व्हर्टर स्वतः खातो, म्हणजे धरायचे तीनच तास. त्यात आमच्याकडे उन्हाळ्यात ४५-४६ डिग्री. पंचवीस डिग्रीच्या वर दर दहा डिग्रीला बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे, आणि आम्ही ती ठेवली होती कुठे तर पश्चिमेच्या भिंतीला लागून, पत्र्याच्या खोलीत. आता जिन्याखाली सावलीत हलवली आहे. साधे ७५ वॅटचे पंखे काढून ३० वॅटच्या आसपासचे बीएलडीसी, म्हणजे कमी विजेत चालणारे, लावले, तेवढ्यानंही बराच फरक पडला. महागडी बॅटरी घेण्यापेक्षा हे स्वस्तात झालं.

आणि लेझर प्रिंटर. कोणीही, मी परत सांगते, कोणीही लेझर प्रिंटर इन्व्हर्टरच्या लाईनवर जोडू नका. त्याच्या आतला रोलर तापताना तो एका झटक्यात हजार वॅटपर्यंत ओढतो, इन्व्हर्टर ओव्हरलोड होऊन कुंई कुंई करतो आणि चारही कॉम्प्युटर एका दमात बंद. अर्धवट एन्ट्री, डेटाबेस करप्ट, मग सॉफ्टवेअरवाल्याला फोन, तो म्हणतो तिकीट टाका. आमचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर सगळ्यांच्या थट्टेचा विषय आहे, नवीन पोरं त्याला रणगाडा म्हणतात, पण तो थोड्याशा विजेत चालतो, कार्बन कॉपी काढतो आणि रिबीन सुकली तरी वाचता येईल एवढं छापतो.

अर्थिंगचा विषय कोणालाच आवडत नाही कारण तो दिसत नाही. आमची काळी माती पावसात लोण्यासारखी आणि मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरलेला असतो पण ओल नसेल तर त्याचा उपयोग नाही. म्हणून मार्चपासून शिपाई काका रोज बादलीभर पाणी त्या पाइपात ओततात. येणारे-जाणारे विचारतात, काय लावलं जी इथं? काका म्हणतात, कॉम्प्युटरचं झाड.

सोलरचं मात्र मला वेगळं सांगायचं आहे. २०२४ पासून घरांसाठी पीएम सूर्यघर आलं तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी सोलर, आमच्या एका संचालकांनीही ठराव मांडला की छतावर पॅनल टाकू, लाईनचा प्रश्नच मिटेल. मिटत नाही. साधं ऑन-ग्रिड सोलर असेल तर लाईन गेली की ते स्वतःहून बंद होतं, भर उन्हात, पॅनल तापलेले असताना. ते मुद्दाम तसं केलेलं असतं, कारण खांबावर लाईनमन काम करत असेल आणि तुमच्या छतावरून तारेत करंट गेला तर माणूस जाईल. अंधारात सोलर पाहिजे असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, तिचा खर्च वेगळा, आणि मग आपण परत बॅटरीच्या हिशोबावरच येतो. बाजूच्या गावातल्या एका संस्थेनं हे न विचारता पॅनल बसवले, बिल कमी झालं म्हणून खूश आहेत, पण लाईन गेली की ते पण आमच्यासारखेच पुठ्ठ्यानं वारा घेतात.

आता नेट. लाईन गेलेली लोकांना समजते कारण त्यांच्या घरचीही गेलेली असते. नेट गेलेलं समजत नाही. दिवे चालू, पंखा फिरतोय, कॉम्प्युटरवर रंगीत स्क्रीन दिसतोय आणि बाई म्हणते आज होत नाही. याच्यावर कोण विश्वास ठेवणार? एकदा रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडलं, चौकापासून दोनशे मीटरवर, सगळ्यांनी बघितलं होतं खोदताना, तरी एक काकाजी मला म्हणाले, "बाई, तार तुटली त बाहेर तुटली, माह्ये पैसे त तुमच्या आत हायेत ना?" मला उत्तर सुचलं नाही कारण ते बरोबरच बोलत होते. रोकड आमच्या तिजोरीत होती. त्यांच्या नावावर किती आहे हे मात्र कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर होतं.

क्लाउडवर जायला माझा विरोध नव्हता, अजूनही नाही. ऑफिसमधलाच कॉम्प्युटर सर्व्हर म्हणून वापरायचा तेव्हा वीज पडली तर सगळं एकदम जाण्याची भीती होतीच. आमच्याकडे जूनमध्ये विजा कशा पडतात हे सांगायला नको, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप मोबाईलवर ठेवून आम्ही राऊटरची पिन उपटतो. पूर्व विदर्भात २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला तेव्हा किती ऑफिसांतली कपाटं पाण्यात गेली असतील. बॅकअपची पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात ठेवणारे आम्ही, पूर काय खण सोडून वाहतो? म्हणून डेटा लांब असणं चांगलंच. पण लांबच्या डेटाची एक प्रत जवळ, आणि जवळच्याची एक लांब, असं दोन्ही पाहिजे. आता रोजच्या दिवसअखेरनंतर एक प्रत ऑफिसमधल्या जुन्या लॅपटॉपवर उतरते, तो लॅपटॉप नेटला जोडलेला नसतो, आणि आठवड्याची एक प्रत तालुक्याच्या शाखेच्या तिजोरीत जाते. महिन्यातून एकदा ती प्रत उघडून दहा खाती पासबुकाशी ताडून बघतो. हे उघडून बघणं सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. बॅकअप घेतला म्हणून निवांत असलेले लोक मी बघितलेत, फाइल उघडली तर आत काहीच नसतं.

दोन सिमचं पण असंच. एक या कंपनीचं, एक त्या कंपनीचं, डोंगल तयार. पण गावात टॉवर एकच, दोन्ही कंपन्यांची यंत्रं त्याच्यावरच टांगलेली, आणि लाईन गेल्यावर काही तासांनी टॉवरची बॅटरी उतरली की दोन्ही सिमं एकाच वेळी नो सर्व्हिस. हे आम्हाला टॉवरखाली शेळ्या चारणाऱ्या पोरानं सांगितलं. आणि कधी कधी टॉवर, तार, लाईन सगळं ठणठणीत असूनही नेट नसतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दंगल झाली तेव्हा सरकारी आदेशानं इंटरनेट बंद होतं, तिथे तुमचा डोंगल काय करेल?

म्हणून फिरून फिरून मी कागदावर येते. रोज संध्याकाळी दिवसअखेर झाली की आमच्याकडे शिल्लक यादी छापली जाते. खाते क्रमांक, नाव, बचत शिल्लक, आणि शेवटी एक छोटा रकाना ज्यात ता, मृ, सं अशी अक्षरं असतात. ता म्हणजे तारण, ठेवीवर कर्ज काढलेलं आहे, हात लावायचा नाही. मृ म्हणजे खातेदार वारलाय, वारसाचं काम चालू आहे. सं म्हणजे संयुक्त खातं, दोघांच्या सह्या. हा रकाना सॉफ्टवेअरच्या तयार रिपोर्टमध्ये नव्हता, मागून करून घेतला. नुसती शिल्लक छापून ठेवणं धोक्याचं आहे, अंधारात घाईघाईत मयताच्या खात्यातून पुतण्याला पैसे दिले गेले तर ते लाईन आल्यावर परत येत नाहीत. यादी तिजोरीत ठेवायची, सकाळी नवीन दिवस सुरू झाला की ती माझ्या टेबलाच्या कुलुपात, आणि आदल्या दिवशीची शिपाई काकांनी माझ्यासमोर फाडायची. लोकांच्या शिल्लका वडापावच्या कागदात जाऊ नयेत.

लाईन किंवा नेट गेल्यावर एका खात्यावर दिवसाला ५,००० पर्यंत यादी बघून द्यायचे, असा मंडळाचा ठराव आहे. दिले की यादीत त्या नावापुढे लाल पेनानं रक्कम आणि व्हाउचर नंबर लिहायचा, म्हणजे त्याच माणसानं बाजारात चक्कर मारून परत येऊन दुसऱ्या खिडकीवर स्लिप टाकली तर कळतं. व्हाउचर वेगळ्या बुकातलं, आधीच नंबर छापलेलं, माझी आणि कॅशियरची अशा दोन सह्या. भरणा घ्यायचा, त्याला हद्द नाही, हातानं पावती द्यायची. ठेव मुदतीआधी मोडायची नाही, नवीन कर्ज नाही, आणि सोनेतारण तर अजिबात नाही, कारण काटा बॅटरीवर चालला तरी सराफ अंधारात कस लावून देत नाही आणि द्यायलाही नको. नोटा हातानं मोजायच्या. पाचशेची नोट दाराशी उजेडात नेऊन बघायची, खातेदार हसले तरी. लाईन आली की व्हाउचर नंबरच्या क्रमानं एन्ट्र्या, हातातल्या रोकडीशी ताळा, आणि मगच दिवसअखेर. क्रम मोडून आधी नवीन व्यवहार टाकायचा मोह फार होतो कारण समोर रांग लागलेली असते. तिथे मी कडक आहे.

डेलीवाल्यांचं वेगळंच आहे. आमचा एजंट सकाळी मशीन घेऊन पानठेले, भाजीवाल्या, सलूनवाले असे फिरतो, रोज पन्नास-शंभर गोळा करतो आणि संध्याकाळी मशीन ऑफिसला जोडून खाली करतो. नेट नसलं तर मशीन खालीच होत नाही आणि दुसऱ्या दिवशीची शिल्लक चुकीची दाखवते. आता त्याच्याजवळ खिशात छापील पावतीबुक असतं. भाजीवाली म्हणते, "कागदच दे रे बाबा, तुह्या मशीनचा कागद उन्हानं पांढरा होते." थर्मल कागदाबद्दलचं तिचं निरीक्षण एकदम बरोबर आहे.

मृगाच्या तोंडावर एकदा मोठं वादळ झालं आणि गावठाणाची लाईन रात्रीपासून गेली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आली नाही. बॅटरी सकाळी अकरालाच संपली, टॉवर त्याआधीच मेलेला. आणि दिवस असा की पाऊस झालाय, पेरणी लागणार, प्रत्येकाला बियाणं पाहिजे. पहिलीच एक म्हातारी आली. पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर, रबर सोडायला तिला वेळ लागला. कपाशीच्या चार पाकिटांचे पैसे पाहिजे म्हणाली, पोरगा कृषी केंद्राच्या लायनीत उभा होता. काउंटरवर आमचा नवा पोरगा, बी.कॉम., हुशार, कॉम्प्युटरवर हात असा चालतो की बघत राहावं. त्यानं काळ्या स्क्रीनकडे बघितलं आणि सवयीनं म्हणून गेला, आजी लाईन नाही, उद्या या.

म्हातारी हलली नाही. म्हणाली, "लाईन गेली त माह्ये पैसे बी गेले का?"

तिच्यामागे रांग होती आणि रांगेत एकदम शांतता. मी यादी घेऊन गेले, काउंटरवरच पसरली, दाराकडून येणाऱ्या उजेडात बोट फिरवत तिचं नाव काढलं. "आजी, तुमचे अकरा हजार चारशे सोळा आहेत. चार हजार देऊ?" तिला वाचता येत नव्हतं पण तिनं वाकून माझ्या बोटाखालची ओळ बघितली, मग मागे वळून रांगेला सांगितलं, "हायेत." बस. रांगेतली दोन माणसं तर त्यानंतर पैसे न काढताच घरी गेली, उद्या आलो तरी चालते म्हणे.

त्या दिवशी अडचण निघाली ती भलत्याच ठिकाणी. व्हाउचरवर रक्कम अक्षरी लिहायची असते. आमच्या पोराला एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यातला फरक दरवेळी मला विचारावा लागत होता, आणि हातानं बेरीज करताना त्याचं पान दर दहा व्हाउचरला चुकत होतं. त्याचा दोष नाही, त्याला कधी कोणी लिहायलाच लावलं नाही. तेव्हापासून दर तिमाहीला एकदा, बाजाराचा दिवस सोडून, मी सकाळी मेन स्विच खाली पाडते आणि दोन तास कागदावर काम. जुने सेक्रेटरी काका आता निवृत्त आहेत पण त्या दिवशी हौसेनं येतात, खुर्ची टाकून बसतात, पोरांच्या बेरजा तपासतात आणि चहा दोनदा घेतात. पहिल्या वेळी कळलं की कार्बन पेपरचा डबा कपाटात नव्हताच. नंतर एकदा कळलं की तिजोरीची दुसरी किल्ली ज्यांच्याकडे असते त्या संचालकांचा फोन लागला नाही तर घरी माणूस पाठवावा लागतो, आणि ते शेतात असतात. त्यावर अजून तोडगा निघालेला नाही, तिसरी किल्ली करायला मंडळ तयार नाही, आणि खरं सांगायचं तर माझीही हिंमत होत नाही.

यावर्षीच्या आमसभेत अहवाल वाचन चालू असताना एक सभासद उठले. बरोबर चाळीस पानांचा अहवाल वाचून आलेले होते, असे दर आमसभेत एकदोन असतातच. म्हणाले, "तुम्ही म्हणता डिजिटल केलं, अन् इथं छपाई-कागद-रिबीनीचा खर्च वाढला. हे कायले?" अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी यादीचं सांगितलं, वादळाच्या दिवसाचं सांगितलं. मागून कोणीतरी ओरडलं, बरोबर हाय, मले मिळाले होते पैसे. त्या सभासदांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, ठीक आहे, खर्च मंजूर, पण माझी एक सूचना इतिवृत्तात लिहून घ्या. यादी काउंटरवर पसरताना वरच्या-खालच्या ओळींवर पट्टी ठेवत जा. माझ्या खात्याच्या खालीच माझ्या भावाचं खातं आहे आणि आमची वाटणी अजून व्हायची आहे.

लोक हसले, सूचना एकमतानं मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी मी पुठ्ठ्याची, मधोमध एका ओळीएवढी खाच असलेली पट्टी कापून यादीसोबत ठेवली.